गाण्याचे शब्द विसरली आणि ग्रॅमी घेऊन गेली : एला फिट्झगेराल्डच्या बर्लिनमधल्या लाइव्ह अल्बमची गोष्ट

१३ फेब्रुवारी १९६०. पश्चिम बर्लिनमधला डॉइचलांडहाले नावाचा भलामोठा हॉल. समोर जवळपास १२ हजार लोक. स्टेजवर ४२ वर्षांची एक अमेरिकन गायिका आणि तिच्या मागे फक्त चार वादक.

कार्यक्रम शेवटाकडे आलेला. गायिका एक नवं गाणं घेते. सुरू करण्याआधीच सांगते की हे गाणं बाईच्या आवाजात तुम्ही ऐकलं नसेल, आणि मला सगळे शब्द आठवले म्हणजे मिळवली. लोक हसतात.

पहिली काही कडवी नीट होतात. आणि मग शब्द खरोखरच गायब होतात.

अशा वेळी साधारण दोन गोष्टी होतात. एक तर गायक थांबतो, नाहीतर 'ला ला ला' करत वेळ मारून नेतो. या बाईने तिसरंच केलं. आपण शब्द विसरलोय ही बातमीच तिने त्याच चालीत, यमक जुळवत गाऊन टाकली. सगळं रेकॉर्ड होत होतं. पुढच्या वर्षी याच गाण्याला ग्रॅमी मिळाला आणि ज्या अल्बममध्ये ते होतं त्यालाही.

ती गायिका म्हणजे एला फिट्झगेराल्ड. गाणं, 'मॅक द नाइफ'. आणि अल्बम, 'मॅक द नाइफ : एला इन बर्लिन'. जॅझ ऐकायला सुरुवात करणाऱ्यांना जे चार-पाच अल्बम हमखास सुचवले जातात, त्यातला हा एक. पण त्या रात्रीची गोष्ट फक्त शब्द विसरण्याची नाही. ते गाणं कुठे जन्मलं होतं आणि तो हॉल कोणी उघडला होता हे कळलं, की ही गोष्ट बरीच मोठी होते.

थोडक्यात माहिती

अल्बम : मॅक द नाइफ : एला इन बर्लिन
गायिका : एला फिट्झगेराल्ड
रेकॉर्डिंग : १३ फेब्रुवारी १९६०, डॉइचलांडहाले, पश्चिम बर्लिन
प्रकाशन : १९६०, व्हर्व्ह रेकॉर्ड्स
निर्माता : नॉर्मन ग्रान्झ
साथ : पॉल स्मिथ (पियानो), जिम हॉल (गिटार), विल्फ्रेड मिडलब्रुक्स (बास), गस जॉन्सन (ड्रम)
मूळ रेकॉर्डवरची गाणी : ९
ग्रॅमी : २

आधी हे 'स्टँडर्ड' प्रकरण समजून घेऊ

जॅझबद्दल वाचताना 'स्टँडर्ड' हा शब्द सारखा भेटतो. स्टँडर्ड म्हणजे असं गाणं, जे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला येत असतं असं गृहीत धरलेलं असतं. चार अनोळखी वादक एका स्टेजवर आले, एकाने गाण्याचं नाव आणि स्वर सांगितला, की तालीम न करता वाजवायला सुरुवात.

यातली बरीच गाणी मुळात जॅझसाठी लिहिलेलीच नव्हती. १९२० ते १९५० या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची संगीत नाटकं आणि हॉलिवूडचे सिनेमे यांच्यासाठी ती लिहिली गेली. जॉर्ज गर्श्विन आणि त्याचा भाऊ आयरा, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेंझ हार्ट ही त्यातली मोठी नावं. नाटक बंद पडायचं, लोक विसरून जायचे, पण त्यातलं एखादं गाणं जॅझवाले उचलायचे आणि मग ते पन्नास जणांच्या पन्नास तऱ्हांनी जिवंत राहायचं.

आपल्याकडे एकच बंदिश दहा गायकांकडून ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळेल. बंदिश तीच आहे हे ठाऊक असतं. आज हा तिचं काय करतो, ते ऐकायला लोक येतात. स्टँडर्डचंही तेच.

म्हणूनच जॅझमध्ये लाइव्ह अल्बमला इतकं वजन आहे. स्टुडिओत चूक झाली की पुन्हा घेता येतं. मैफलीत जे झालं ते झालं.

एला कोण होती?

जन्म २५ एप्रिल १९१७, व्हर्जिनिया राज्यातलं न्यूपोर्ट न्यूज हे गाव. लहानपण न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये गेलं. १९३२ मध्ये आई वारली आणि पुढची दोन वर्षं फार वाईट गेली. सुधारगृह झालं, रस्त्यावर राहणंही झालं.

२१ नोव्हेंबर १९३४ ला हार्लेममधल्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती उतरली. वय १७. ठरवलं होतं नाचायचं. पण तिच्या आधी एक तयारीची नृत्यजोडी येऊन गेली आणि एलाने ऐनवेळी नाचायचा विचार सोडून गायचं ठरवलं. पहिला नंबर आला.

पुढच्या वर्षी ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये तिला काम मिळालं. १९३८ मध्ये 'अ-टिस्केट, अ-टास्केट' हे बडबडगीतावरून केलेलं गाणं तुफान चाललं आणि एला देशभर पोचली. १९३९ मध्ये वेब वारला, तेव्हा तो बँड काही काळ तिच्याच नावाने चालला.

तिच्या कारकिर्दीला दुसरं वळण दिलं नॉर्मन ग्रान्झने. हा माणूस १९४४ पासून 'जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक' नावाने दौरे काढायचा. अमेरिकेत तेव्हा अनेक ठिकाणी गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवायचे. ग्रान्झचा नियम साधा होता : प्रेक्षक एकत्र बसणार नसतील तर कार्यक्रम होणार नाही. १९५५ मध्ये ह्यूस्टनला त्याने हेच करून दाखवलं, तर पोलीस थेट ड्रेसिंग रूममध्ये घुसले आणि जुगाराचा आरोप ठेवून एलासह काही जणांना पकडून घेऊन गेले.

ग्रान्झने एलासाठी म्हणून व्हर्व्ह ही रेकॉर्ड कंपनी उभी केली आणि १९५६ पासून 'साँगबुक' मालिका सुरू झाली. एका वेळी एक संगीतकार घ्यायचा आणि त्याची निवडक गाणी एलाने गायची. कोल पोर्टर, रॉजर्स-हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्विंग बर्लिन, गर्श्विन बंधू अशी रांगच लागली.

म्हणजे १९६० मध्ये बर्लिनला उभी राहिलेली एला ही अमेरिकेतलं जवळपास सगळं महत्त्वाचं गाण्याचं भांडार तोंडपाठ असलेली बाई होती. अशी बाई शब्द विसरली, यात खरी गंमत आहे.

अल्बममध्ये काय काय आहे?

सुरुवात 'गॉन विथ द विंड' ने होते. हे नाव वाचून १९३९ चा सिनेमा आठवेल, पण गाण्याचा सिनेमाशी संबंध नाही. ते १९३७ चं, म्हणजे सिनेमाच्या आधीचं आहे.

मग येतं 'मिस्टी'. एरॉल गार्नर या पियानोवादकाची ही धून आधी फक्त वाजवली जायची, शब्द नंतर आले. एला हे गाणं अगदी हळू, सूर लांबवत गाते. पाठोपाठ 'द लेडी इज अ ट्रॅम्प'. उच्चभ्रू समाजाचे नियम न पाळणाऱ्या बाईचं हे खट्याळ गाणं. मग गर्श्विनचं 'द मॅन आय लव्ह', त्याच्याच 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातलं 'समरटाइम', कोल पोर्टरचं 'टू डार्न हॉट' आणि पुन्हा गर्श्विनचं 'लोरेलाय'. जर्मनीत गायचं म्हणून ऱ्हाइन नदीवरच्या लोरेलाय या जर्मन दंतकथेवरचं गाणं.

शेवटची दोन गाणी मात्र या अल्बमचा जीव आहेत : 'मॅक द नाइफ' आणि 'हाऊ हाय द मून'.

'मॅक द नाइफ' आलं कुठून?

हे गाणं मूळचं बर्लिनचंच.

३१ ऑगस्ट १९२८ ला बर्लिनच्या शिफबाउअरडाम थिएटरात 'थ्री पेनी ऑपेरा' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. शब्द बर्टोल्ट ब्रेख्तचे, संगीत कुर्ट वाइलचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या 'बेगर्स ऑपेरा' या इंग्रजी नाटकावरून ते बेतलं होतं. चोर, भिकारी, वेश्या आणि लाचखाऊ पोलीस यांची ही गोष्ट, आणि खरा टोला होता प्रतिष्ठित समाजाला.

नाटकाचा नायक म्हणजे मॅक नावाचा गुंड. त्याची ओळख करून देणारं एक गाणं अगदी शेवटच्या दिवसांत घाईघाईने घातलं गेलं. त्याचा घाट होता 'मोरिटाट' चा. जुन्या जर्मनीत जत्रेत, बाजारात उभं राहून लोक खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी गाऊन सांगायचे, तो हा प्रकार. एकामागून एक गुन्हे सांगायचे आणि चाल मात्र गोड, डुलायला लावणारी.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. वाइल ज्यू होता, ब्रेख्त डाव्या विचारांचा. दोघांनीही त्याच वर्षी देश सोडला. त्यांच्या कामावर बंदी आली. १० मे १९३३ ला पुस्तकांची होळी झाली, त्यात ब्रेख्तची पुस्तकंही होती.

गाणं मात्र देश सोडून गेलं आणि तिकडे मोठं झालं. १९५४ मध्ये मार्क ब्लिट्झस्टाइनने केलेलं इंग्रजी रूपांतर न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं. १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने ते आपल्या खरखरीत आवाजात रेकॉर्ड केलं. वाइलची पत्नी आणि मूळ नाटकातली अभिनेत्री लॉटे लेन्या तेव्हा स्टुडिओत होती. गाण्यात मॅकच्या आयुष्यातल्या बायकांची नावं येतात, त्या यादीत आर्मस्ट्राँगने खुशाल लेन्याचंही नाव टाकून दिलं. १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने हेच गाणं पॉप ढंगात गायलं आणि ते अमेरिकेत ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

म्हणजे एलाने ते उचललं तेव्हा ते ताजं हिट गाणं होतं. तिच्या पाठ असलेल्या जुन्या भांडारातलं नव्हतं.

शब्द गेले, तरी गाणं का थांबलं नाही?

आता जरा तांत्रिक बघू. सोपं आहे.

'मॅक द नाइफ' ची रचना फार साधी आहे. १६ बारची एक चाल आहे. बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक घास. ही चाल संपली की पुन्हा तीच, फक्त शब्द वेगळे. मध्ये वेगळा अंतरा नाही, चाल बदलत नाही.

याचे दोन परिणाम होतात.

पहिला, शब्द विसरणं सोपं जातं. गोष्ट सरळ पुढे जात असेल तर एका ओळीवरून दुसरी आठवते. इथे गुन्ह्यांची यादी आहे. नदीकाठचं प्रेत आधी की बेपत्ता झालेला श्रीमंत माणूस आधी, हे लक्षात ठेवायला चालीची काहीही मदत होत नाही.

दुसरा, विसरलं तरी सावरणं सोपं जातं. चाल फिरून तिथेच येते. त्यामुळे मागच्या चौघांना थांबायचं काही कारणच नसतं. गायिका काय शब्द म्हणते याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ती १६ बारच्या चौकटीत आहे ना, एवढंच ते बघतात. आणि एला चौकट सोडत नाही. रेकॉर्डिंग नीट ऐका. विसरल्यावरही ओळ जिथे संपायला हवी तिथेच संपते, यमक जिथे पडायला हवं तिथेच पडतं. एकदाही ती समेवरून घसरत नाही.

मग ती गाते काय? पुढचं कडवं आठवत नाही हे कबूल करते. हे गाजलेलं गाणं आहे म्हणून आम्हीही प्रयत्न करतोय, असं सांगते. बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी याची रेकॉर्ड काढली हेही गाण्यातच सांगून टाकते आणि आता आपण आपल्या मंडळींसह या गाण्याची वाट लावतोय अशी स्वतःची चेष्टा करते. मग अचानक आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते. तिथे लोक खूश होतात, ते रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतं.

इथे एक छान योगायोग आहे. मूळ गाणं नावांची यादी आहे. आर्मस्ट्राँगने त्यात लेन्याचं नाव घुसवलं. एलाने आर्मस्ट्राँगचं आणि डॅरिनचं घुसवलं. शब्द नसताना तिने जे भरलं, ते गाण्याच्या परंपरेला धरूनच होतं.

ग्रान्झकडे हे गाणं गाळायचा पर्याय होता. त्याने ते ठेवलं, इतकंच काय अल्बमला नावही त्याचंच दिलं.

आणि मग 'हाऊ हाय द मून'

'मॅक द नाइफ' एवढं गाजलं की त्याच्या पुढचं गाणं झाकोळून जातं. जाणकारांना विचारलं तर ते मात्र या सातेक मिनिटांकडे बोट दाखवतात.

'हाऊ हाय द मून' हे १९४० च्या एका ब्रॉडवे कार्यक्रमातलं गाणं. जॅझवाल्यांनी त्याच्या स्वररचनेवर इतके प्रयोग केले की चार्ली पार्करची 'ऑर्निथॉलॉजी' ही प्रसिद्ध धूनही त्याच सांगाड्यावर उभी आहे.

एला इथे मूळ शब्द गाऊन घेते आणि मग 'स्कॅट' सुरू करते. स्कॅट म्हणजे अर्थ नसलेली अक्षरं घेऊन आवाजाचं वाद्य करणं. आपल्याला तराणा आठवेल. फरक असा की स्कॅट गाणारा बहुतेक वेळा ट्रम्पेट, सॅक्सोफोन अशा वाद्यांची नक्कल मनात ठेवून गातो.

वेग भयंकर आहे. त्या वेगात ती मध्येच दुसऱ्या गाण्यांचे तुकडे पेरत जाते. 'ऑर्निथॉलॉजी' येते, तिचं स्वतःचं 'अ-टिस्केट, अ-टास्केट' येतं, लहान मुलांची गाणी येतात. प्रत्येक तुकडा दोन-तीन सेकंदांचा, आणि प्रत्येक तुकडा खालच्या स्वररचनेत चपखल बसणारा. शेवटी ती एका जुन्या लोकप्रिय गाण्यातला डोळ्यांत जाणारा धूर काढून तिथे घाम घालते. इतकं गाऊन घामाघूम झालेल्या बाईचा तो विनोद आहे.

ही दोन गाणी पाठोपाठ ऐकली की एक गोष्ट कळते. पहिल्यात शब्द नाइलाजाने गेले, दुसऱ्यात तिने ते मुद्दाम सोडले. दोन्हीकडे तिला सावरणारी गोष्ट एकच, गाण्याचा सांगाडा अंगात मुरलेला असणं. सुचेल ते गाणं म्हणजे काहीही गाणं नव्हे. २५ वर्षांच्या रियाजावर ते उभं होतं.

तो हॉल कोणी बांधला होता?

डॉइचलांडहाले १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी बांधला गेला. २९ नोव्हेंबर १९३५ ला त्याचं उद्घाटन झालं, आणि उद्घाटन केलं अ‍ॅडॉल्फ हिटलरने. ऑलिंपिकमधली बॉक्सिंग, कुस्ती आणि वेटलिफ्टिंग इथेच झालं.

नाझींचं जॅझबद्दलचं मत उघड होतं. त्यांच्या लेखी ते काळ्यांचं आणि ज्यूंचं, म्हणून हीन संगीत होतं. १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फला त्यांनी 'अध:पतित संगीत' या नावाचं प्रदर्शनच भरवलं. त्याच्या पोस्टरवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या काळ्या माणसाचं विद्रूप चित्र होतं आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा तारा लावलेला होता.

युद्धात हा हॉल बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. १९५७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

आता १३ फेब्रुवारी १९६० ची रात्र पुन्हा डोळ्यासमोर आणा. हिटलरने उघडलेल्या हॉलच्या जागी उभी असलेली एक काळी बाई. तिच्या तोंडी गर्श्विनचं, रॉजर्स-हार्टचं गाणं, म्हणजे ज्यू संगीतकारांचं संगीत. आणि शेवटाला, याच शहरात जन्मलेलं आणि याच शहरातून हाकललेलं कुर्ट वाइलचं गाणं, इंग्रजी होऊन परत आलेलं. समोर १२ हजार बर्लिनकर टाळ्या वाजवताहेत.

एलाने यावर भाषण केलं नाही. तिचा तो स्वभावही नव्हता. पण पंचवीस वर्षांपूर्वी तिथे काय चाललं होतं हे ठाऊक असलेली माणसं त्या हॉलमध्ये नक्कीच बसली असणार. वाइल हे बघायला नव्हता. तो १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. ब्रेख्त युद्धानंतर पूर्व बर्लिनला परतला आणि १९५६ मध्ये गेला. 'थ्री पेनी ऑपेरा' जिथे पहिल्यांदा झालं ते थिएटर आता शहराच्या पूर्व भागात, कम्युनिस्टांकडे होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. 'बर्लिन' आणि '१९६०' एकत्र वाचलं की भिंत डोळ्यासमोर येते. ती भिंत तेव्हा नव्हती. ती ऑगस्ट १९६१ मध्ये, म्हणजे या मैफलीनंतर दीड वर्षाने उभी राहिली.

मॅक मराठीतही येऊन गेलाय

एलाने ज्या गुंडाचं गाणं गायलं, तो मराठी रंगभूमीवरही आला. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'थ्री पेनी ऑपेरा' चं 'तीन पैशाचा तमाशा' हे रूपांतर केलं. पुण्याच्या थिएटर अकादमीने ते केलं आणि दिग्दर्शन होतं डॉ. जब्बार पटेल यांचं. रॉक गायक नंदू भेंडेही त्यात होते.

पुलंनी नुसतं भाषांतर केलं नाही. ब्रेख्तने जत्रेतल्या गाण्याचा घाट घेतला होता, पुलंनी त्या जागी तमाशाचा घाट आणला. न्यूयॉर्कमध्ये हे नाटक इंग्रजी झालं, पुण्यात मराठी. ज्या मातीत गेलं तिथल्या लोकांच्या गाण्याशी त्याने जुळवून घेतलं. त्यामुळे 'तीन पैशाचा तमाशा' ठाऊक असलेल्या मराठी माणसासाठी 'मॅक द नाइफ' हे तसं परक्याचं गाणं नाही.

पुढे काय झालं?

१९६१ च्या ग्रॅमीमध्ये एलाला दोन पुरस्कार मिळाले. 'मॅक द नाइफ' साठी गायिकेच्या सर्वोत्कृष्ट सिंगलचा आणि अल्बमसाठी गायिकेच्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा. १९९९ मध्ये हा अल्बम ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

'मॅक द नाइफ' पुढे तिच्या कार्यक्रमांचा ठरलेला भाग झालं. फेब्रुवारी १९६१ मध्ये ती पुन्हा डॉइचलांडहालेत गायली, ते रेकॉर्डिंग १९९१ मध्ये 'एला रिटर्न्स टू बर्लिन' म्हणून आलं. मार्च १९६२ मध्ये ती बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये गायली. हा तोच हॉल, जिथे १९४३ मध्ये गोबेल्सने 'सर्वंकष युद्धा' चं कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. ती टेप ग्रान्झच्या खासगी संग्रहात पडून होती. २०२० मध्ये ती 'द लॉस्ट बर्लिन टेप्स' नावाने प्रसिद्ध झाली.

एला १५ जून १९९६ ला गेली. डॉइचलांडहाले डिसेंबर २०११ मध्ये पाडला गेला. त्या रात्रीचं जे उरलंय ते रेकॉर्डवरच.

सगळ्यांनाच ती आवडते का?

नाही. एलावर एक जुना आक्षेप आहे. ती सुरात पक्की, तालात पक्की, पण दुःखाच्या गाण्यातही आनंदी वाटते. जुलै १९५९ मध्ये वारलेली बिली हॉलिडे एक ओळ गायची आणि ऐकणारा हलून जायचा. एलाचं तसं होत नाही, असं म्हणणारे आजही आहेत.

हा आक्षेप पूर्ण खोटा नाही. या अल्बममध्येही खेळकर गाणी जास्त खुलतात. पण 'द मॅन आय लव्ह' ऐका. अजून न भेटलेल्या माणसाची वाट बघणारी बाई त्यात आहे. एला ते रडत गात नाही. शांतपणे, भेट होईलच अशा खात्रीने गाते. आई गेल्यावर रस्त्यावर राहिलेल्या मुलीचा हा आवाज आहे हे माहीत असलं, की त्या खात्रीचं मोल वेगळं वाटू लागतं.

ऐकायचं तर कसं ऐकाल?

अल्बम प्रमुख म्युझिक अ‍ॅप्सवर मिळतो. नंतर आलेल्या सीडी आवृत्तीत मूळ ९ गाण्यांशिवाय आणखी गाणी आहेत, त्यामुळे यादी वेगळी दिसली तर गोंधळू नका.

पहिल्यांदा ऐकताना हा क्रम करून बघा. आधी आर्मस्ट्राँगचं 'मॅक द नाइफ', मग डॅरिनचं, मग एलाचं. तीनही मिळून पाव तासही लागणार नाही. पहिली दोन ऐकलेली असली, की एला कुठे अडखळते, कोणाची नक्कल करते आणि लोक कशाला हसतात ते आपोआप कळेल.

दुसऱ्यांदा ऐकताना एलाकडे लक्ष देऊ नका. ती विसरते त्या जागी मागच्या चौघांकडे कान द्या. बास आणि ड्रम जराही डगमगत नाहीत. ही बाई कुठेतरी बरोबर पोचणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नाही.